आमच्या घरातला परदेशी व्हेरियंट

माझा मुलगा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं म्हणजे आपण निम्मे डॉक्टर झालो, असा त्याचा समज आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच. शेजारणीला खोकला झाला की हा गोळीचं नाव सांगणार, कुणाचं पोट बिघडलं की मान हलवून 'इन्फेक्शन' म्हणणार. मी हसून सोडून द्यायचे. एकुलता एक, बापाविना वाढलेला, चार लोकांत भाव खातोय तर खाऊ दे. तेच कौतुक पुढे माझ्या सुनेच्या जिवावर उठलं, आणि त्याचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

सून माझ्याच कारखान्यात आहे. माझ्या म्हणजे मालकाच्या. मी तिथली कटर. आम्ही युनिफॉर्म शिवतो, शाळांचे, हॉटेलांचे, वॉचमन लोकांचे. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर कागदाचा साचा ठेवून खडूने आखायचं आणि मग विजेच्या कात्रीने सगळे थर एकदम कापायचे. हात हलला की अख्खी थप्पी वाया. सून पलीकडच्या खोलीत नक्षीच्या मशीनवर बसते. खिशावर शाळेचं चिन्ह नाहीतर हॉटेलचं नाव भरणारं ते कॉम्प्युटरचं मशीन आहे. बोलायला कमी, कामाला चोख. मीच तिला हेरली आणि मुलासाठी मागणी घातली. लग्नाला काही वर्षं झाली, मूल अजून नाही. मी म्हणायचे, घाई कसली. ती मात्र मनातून फार वाट बघत होती. दुकानात बाळाचे कपडे दिसले की उगाच शिलाई बघतेय असं दाखवून हातात घ्यायची.

मध्यंतरी मोठ्या हॉस्पिटलची माणसं कारखान्यात आली. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करायची होती. त्यांच्यातल्या नर्सबाई मला म्हणाल्या, "काकू, तुम्हीही या." मी म्हटलं, "माझं काय तपासता, आमचं दुकान केव्हाच बंद झालं." सगळ्या खिदळल्या. सून मात्र गेली, आणि महिन्याभरात तिला हॉस्पिटलातून बोलावणं आलं.

मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला स्पष्ट. म्हणाली, एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे, त्याचे पुष्कळ प्रकार असतात, आणि हा सोळा नंबरचा आहे. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. सुनेचा गेला नव्हता. मग त्यांनी बारीकसा तुकडा काढून बघितला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बिघडल्या होत्या.

"कॅन्सरच्या दारात उभ्या आहेत म्हणा ना," डॉक्टरीण म्हणाली. "गर्भपिशवीच्या तोंडाचा शंकूच्या आकाराचा भाग काढून टाकू. दुसऱ्या दिवशी घरी. पिशवी शाबूत राहील, मूलही होऊ शकेल. पण पुढे ढकलू नका. उशीर केलात तर सगळी पिशवी काढावी लागेल. त्याहून उशीर केलात तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

सुनेने एकच विचारलं, "मूल होईल ना?" डॉक्टरीण म्हणाली, "आत्ता केलं तर होईल." त्या 'आत्ता'ला किती वजन आहे ते मला तिथेच कळलं.

घरी आलो. चिरंजीवांनी फाईल वाचायला घेतली. पहिली पानं ठीक गेली. 'प्री-कॅन्सर, प्री-कॅन्सर' असं दोनदा म्हणून त्याने बायकोच्या खांद्यावर हातही ठेवला. खोटं कशाला बोलू, ठेवला. मग त्याने शेवटचं पान उलटलं. ते पान खरं तर आमच्यासाठी नव्हतंच. हॉस्पिटलात कसलंसं संशोधन चालू होतं. सोळा नंबरच्या व्हायरसमध्येही पुन्हा निरनिराळी घराणी असतात, त्यांना व्हेरियंट म्हणतात, आणि कुणाचा कुठल्या घराण्यातला ते लॅबवाले बघत होते. सुनेच्या व्हायरसपुढे एका लांबच्या खंडाचं नाव छापलेलं होतं. तिथे जायचं तर समुद्र ओलांडून जावं लागतं.

चिरंजीवांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"हे काय?" तो म्हणाला.

सून म्हणाली, "मला काय माहीत? त्यांनी दिलं, मी आणलं."

"माझ्या दुकानात खोक्यावर ज्या देशाचं नाव असतं ना, तिथूनच माल आलेला असतो." तो अगदी हळू, समजावल्यासारखा बोलत होता. त्याचा तो आवाज मला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाशी बोलताना काढतो. "हा माल तिकडचा आहे. मी कधी तिकडे गेलो नाही. तूही गेली नाहीस. मग हा आपल्या घरात आला कसा?"

आधी मला काही उमगलंच नाही. मला वाटलं औषधाबद्दल बोलतोय. मग सुनेचा चेहरा बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अरे, काय बोलतोस ते कळतंय का तुला?" मी म्हटलं.

"आई, तू मध्ये पडू नकोस. तुझ्या कारखान्यात तो परदेशी मेकॅनिक आला होता ना, नक्षीचं मशीन बसवायला? आठवडाभर हिच्याच खोलीत होता."

याला म्हणतात सुतावरून स्वर्ग गाठणं. तो मेकॅनिक म्हणजे पांढऱ्या केसांचा, गुडघे धरून चालणारा म्हातारा. स्टुलावर बसला की उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. बुटाची नाडी सुटली तर वाकता येत नव्हतं, आमच्यातल्याच कुणीतरी बांधायची. ऐकायला कमी, भाषा येत नाही, दिवसभर 'गुड, गुड' आणि खिशातून नातवंडांचे फोटो. आणि खोलीत काय ती एकटी होती? काजवाल्या, बटणवाल्या, इस्त्रीवाल्या, खोलीभर बायका होत्या. दार सताड उघडं. हे सगळं मी त्याला सांगितलं. तर म्हणतो कसा, "तू कटिंगला असतेस, तुला तिथलं काय दिसतं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हातात पाण्याचं भांडं होतं, ते मी ओट्यावर आपटलं तर त्याला पोचा पडला. अजून आहे.

"चायनीज कॉलर मी रोज कापते," मी ओरडले. "कधी चीनला गेले होते का रे मी? नाव कुठलंही असतं, कापड इथलंच असतं."

"कॉलर वेगळी आणि व्हायरस वेगळा," तो म्हणाला, आणि फाईल कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

किल्ली खिशात, हे लक्षात घ्या. हॉस्पिटलच्या ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने सांगितलं होतं की ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागेल, तशी इथली पद्धत आहे. चिरंजीवांनी नेमकं तेच धरलं. "आधी हिने खरं काय ते सांगावं, मग मी सही करतो." म्हणजे बायकोच्या पोटात कॅन्सर दार ठोठावतोय आणि हे महाशय कबुलीजबाबाची वाट बघणार. ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. सून त्या दिवशी नेहमीसारखी मशीनवर बसली, तिने एका शाळेचे सगळे खिसे भरले आणि डबा न उघडता घरी आली.

तेवढ्यावर भागलं नाही. त्याने ओळखीच्या कुठल्याशा लॅबमध्ये स्वतःची तपासणी करून घेतली आणि निकालाचा कागद फडकवत आला. "हे बघ. माझा निगेटिव्ह." छाती अशी फुगवून, की जणू काही पदकच मिळवून आलाय. मी म्हटलं, फ्रेम करून लाव. तो म्हणाला, लावीन. सुनेने त्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. भाजी चिरत होती, चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला सांगून अर्धी सुट्टी घेतली आणि एकटीच डॉक्टरणीकडे गेले. बाहेर बायकांची रांग होती, मी रांगेत बसले, आणि आत गेल्यावर सगळं भडाभडा बोलले. ती ऐकत गेली तशी तिच्या कपाळावर आठी चढत गेली. मला वाटलं माझ्यावर चिडतेय.

"ते पान तुमच्या फाईलमध्ये जायलाच नको होतं," ती म्हणाली. "आणि ती नावंही जुनी आहेत. पूर्वी जो व्हेरियंट जिथल्या बायकांत जास्त सापडला, त्याला तिथलं नाव ठेवलं. आता आम्ही नुसती अक्षरं वापरतो. लॅबने छापायचा साचा बदलला नाही. काकू, हा व्हायरस माणसांबरोबर हजारो वर्षं फिरतोय. जिथे माणसं गेली तिथे तो गेला. तुमच्या सुनेचा जो आहे, तो ह्या शहरातल्या कितीतरी बायकांत सापडलाय. त्यांच्यातली एकही समुद्रापलीकडे गेलेली नाही."

"मग तिला तो कुणाकडून आला?"

"ते कुणीही सांगू शकणार नाही. कधी आला तेही नाही. अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग वर येतो. तुमच्या मुलाकडूनच आला असेल आणि त्याचा केव्हाच गेला असेल. पुरुषांची तर ह्याच्यासाठी धड तपासणीच नाही. आज सापडला नाही म्हणजे कधी नव्हता, असं होत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे त्याच्या कागदाला काही किंमत नाही."

"शून्य. आणि आता मुद्द्याचं ऐका." तिने खुर्ची पुढे ओढली. "आम्ही ही घराणी बघतो ती कुणाचं चारित्र्य तपासायला नाही. सोळा नंबरमध्ये सगळे सारखे वाईट नसतात. काही घराण्यांत कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तुमच्या सुनेचं घराणं त्यातलं आहे. आणि त्याने होणारा एक कॅन्सर आत, गर्भपिशवीच्या तोंडाच्या नळीत वाढतो, वरवरच्या तपासणीत पटकन दिसत नाही. त्या पानाचा खरा अर्थ एवढाच, की हिचं ऑपरेशन आधी करा."

मी तिथे बसल्या जागी सुन्न झाले. ज्या पानाने घाई करायला सांगितलं, तेच पान दाखवून माझा मुलगा ऑपरेशन अडवून बसला होता. म्हणे निम्मा डॉक्टर.

सहीचं विचारलं तर डॉक्टरीण खुर्चीवरून उठलीच. "कायद्याने तिची एकटीची सही पुरते. शहाणी, सज्ञान बाई आहे ती." ती स्वतः माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आली आणि त्या माणसाला असा झापला की रांगेतल्या बायका माना लांब करून बघायला लागल्या. तो म्हणत राहिला, "मॅडम, पद्धत आहे." ती म्हणाली, "ह्या पद्धतीपायी बाई मेली तर तिच्या घरी तुम्ही जाणार आहात का सांगायला?" नवी तारीख मिळाली. माझं मन भरून आलं. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय. सून नाही म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला नक्षीच्या खोलीत गाठलं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मशीनच्या सुया पुसत होती त्या पुसत राहिली, आणि म्हणाली, "मी नाही जाणार, आई."

"अगं, वेड लागलंय का? सही तुझी चालते म्हणतेय ना ती."

"चालते. पण ह्यांनी आधी म्हणायला हवं की माझ्या बायकोने काही केलेलं नाही. एवढंच म्हणू देत, मग मी त्या टेबलावर झोपते. आत्ता गेले तर काय होईल? हे म्हणतील, बघा, गुपचूप उरकून आली. सगळ्यांना तेच सांगतील. मूल झालं तरी त्याच्या तोंडाकडे बघून विचार करत बसतील."

"म्हणू दे की. जीव राहिला तर अब्रूचं बघू."

"जीव राहील आणि जन्मभर हे ऐकत बसेन."

मी चिडले. खूपच चिडले. इतके दिवस तिच्या बाजूने भांडत होते आणि हीच पाय मागे घेतेय. "तुझी अब्रू काय त्याच्या खिशात आहे?" मी म्हटलं.

तिने सुया खाली ठेवल्या. "हो, आहे. तुम्हीच लग्न लावून दिलंत तेव्हा ठेवलीत तिथे."

आमच्या ह्या सुनेने इतक्या वर्षांत मला एक उलट शब्द बोललेला नाही. मी तशीच माझ्या टेबलापाशी आले. कात्री सुरू केली, पुन्हा बंद केली. तशा डोक्याने कापलं असतं तर कापड वाया गेलं असतं. तिचं म्हणणं चूक होतं, आणि तरी त्यात खोटं काही नव्हतं. मीच तिला माझ्या मुलाच्या हवाली केलं होतं, माझा मुलगा साधा आहे, तुला फुलासारखं जपेल असं सांगून. तो तर आता सकाळ-संध्याकाळ तिला एकच विचारत होता, "मग? काय ठरवलंस? सांगणार आहेस का?" चहा पिता पिता विचारायचा. बूट घालता घालता विचारायचा. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि तिच्या आतला तो रोग वाळत नव्हता.

त्या रागातच माझ्या डोक्यात आलं. मी पुन्हा हॉस्पिटल गाठलं आणि डॉक्टरणीला म्हटलं, "माझीही तपासणी करा."

"कराच," ती म्हणाली. "तुमच्या वयाच्या बायका येतच नाहीत."

"आणि तोच निघाला तर लिहून द्या. त्या खंडाच्या नावासकट, जुन्या पद्धतीने."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला काय ते कळलं. "काकू, असं मागू नये," ती म्हणाली.

मी मागितलं. आता हसा मला. लोक देवाकडे रोग जाऊ दे म्हणून मागणं मागतात, मी मिळू दे म्हणून मागत होते. माझा नवरा जाऊन जमाना झाला. मुलगा तेव्हा शाळेत पहिल्या बाकावर बसायच्या वयाचा होता. तेव्हापासून मी कापड, कात्री आणि हा मुलगा ह्यांच्यापलीकडे काही बघितलेलं नाही, आणि हे त्याच्याइतकं जगात कुणालाच माहीत नाही. शाळेतून आला की कारखान्यात माझ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचा. माझ्यात तो व्हायरस निघाला असता तर त्याच्यापुढे टाकला असता आणि म्हटलं असतं, बोल आता. मग तरी त्याला कळलं असतं की नावावरून काही ठरत नाही.

निकाल आला. काही नाही. ठणठणीत. डॉक्टरीण अभिनंदन म्हणाली आणि मला, आयुष्यात पहिल्यांदाच, रोग नाही म्हणून रडू फुटलं. बाहेरच्या बाकावर बसून रडले. शेजारच्या बाईला वाटलं माझं काही भयंकर निघालं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी डोळे पुसले आणि तिथेच ठरवलं. मला व्हायरस नाही हे मला माहीत आहे, डॉक्टरणीला माहीत आहे. चिरंजीवांना कुठे माहीत आहे?

संध्याकाळी तो जेवायला बसला होता. सून ओट्यापाशी. मी हात धुतले, त्याच्या समोर येऊन बसले आणि म्हटलं, "माझीही तपासणी झाली. सोळा नंबर."

त्याचा घास थांबला. "काय सांगतेस? अगं, मग डॉक्टर काय म्हणाले? औषध काय दिलं?" त्याचा आवाज खरंच कापला. एवढंही सांगायला हवं. आई म्हणून तो घाबरला होता.

"औषधाचं नंतर. माझाही तोच व्हेरियंट निघाला. तुझ्या बायकोचा आहे तोच. त्याच खंडाचा."

सून वळली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिलाही मी आधी काही सांगितलं नव्हतं.

"आता सांग," मी म्हटलं. "खोक्यावर नाव आहे तिथूनच माल येतो ना? तुझा बाप शहर सोडून कुठे गेला नव्हता. मीही नाही. मग तुझी आई कुणाबरोबर गेली होती?"

मी काय समजले होते सांगू? मी समजले होते तो ताट बाजूला सारेल. म्हणेल, आई, काहीतरीच काय बोलतेस. लाजेल, चिडेल, रडेल, माझ्या तोंडावर हात ठेवेल. आणि मग बायकोकडे वळेल. माझी सगळी भिस्त त्यावर होती. कितीही झालं तरी पोटचा गोळा आहे, आईवर येईल तेव्हा तरी डोळे उघडतील.

त्याने डोळे बारीक केले. तो आठवत होता. मी आई आहे त्याची, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला बाहेरून दिसतं. कारखान्यात कोण कोण असायचं, घरी कोण यायचं, मालक मला एकदा गाडीने सोडायला आला होता, एक एक माणूस काढून तो तपासत होता. ताटावर बसून, माझ्या हातचं खात.

मग त्याने विचारलं, "बाबा असताना, की बाबा गेल्यावर?"

मला राग आला नाही. राग नंतर आला, आणि आला तो राहिलाच. त्या क्षणी मला फक्त थंडी वाजली.

सुनेने गॅस बंद केला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं दुःखबिःख काही नव्हतं. इतक्या आठवड्यांनी तिचं कपाळ पहिल्यांदा सरळ दिसलं. ती टेबलापाशी आली, त्याच्यापुढे हात केला आणि म्हणाली, "कपाटाची किल्ली द्या."

"कशाला?"

"फाईल हवी आहे. उद्याची तारीख आहे, दाखल व्हायचंय."

"मी अजून सही केलेली नाही," तो म्हणाला.

"तुमची सही नकोय मला," ती म्हणाली. "आणि ते जे तुम्ही म्हणावं म्हणून मी थांबले होते ना, तेही नकोय. आईंनासुद्धा जो हे विचारतो, त्याच्या तोंडून मी माझ्याबद्दल काय ऐकणार?"

त्याने किल्ली दिली. तिच्या आवाजात असं काही होतं की मीही दिली असती.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, काढलेला भाग तपासायला पाठवलाय. पुढे निकाल आला: वरच्या बाजूला दिसत होतं त्याशिवाय आत नळीतही बिघाड सुरू झालेला होता, आधीच्या तपासणीत न दिसलेला. पण सगळा काढलेल्या तुकड्यात आलाय, कडा स्वच्छ आहेत. दर काही महिन्यांनी तपासायला यावं लागेल. अजून थोडं थांबला असतात तर, असं ती म्हणायला लागली आणि आमचे चेहरे बघून तिने वाक्य सोडून दिलं.

शुद्धीवर आल्यावर सुनेने मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "आई, तुम्हाला खरंच आहे का हो?" मी नाही म्हटलं. ती आधी बघतच राहिली, मग हसायला लागली, हसताना खाली दुखतं म्हणून 'आई गं' म्हणायची आणि पुन्हा हसायची. मग म्हणाली, "ह्यांना सांगायचं?" मी म्हटलं, "खबरदार."

ती आता माझ्या खोलीत झोपते. पुढे काय करायचं ते ती ठरवील, मी विचारत नाही. चिरंजीव घरातच आहेत. बायकोची माफी मागून झाली, दोनदा झाली. ती 'बरं' म्हणते आणि कामाला लागते. मला त्याने परवा दार धरून उभं राहून विचारलं, "आई, तुझी ट्रीटमेंट चालू आहे ना?"

मी म्हटलं, "त्याचं सांगते. पण आधी मी विचारलं होतं त्याचं उत्तर तू दे. तुझी आई कुणाबरोबर गेली होती?"

'कुणाबरोबरही नाही' एवढंच म्हणायचं होतं त्याला. मी वाट बघितली. तो दारातून माझ्याकडे बघत राहिला आणि मग चपला घालून दुकानात निघून गेला.